जेलमध्ये भावाच्या गोळ्या बंद झाल्या, आता काय करू?

पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंनी लिहिलंय. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, चार वर्षांपासून बायपोलरचा त्रास (मन कधी खूप चढतं, कधी खूप खचतं असा आजार), धंतोलीतल्या डॉक्टरांची ट्रीटमेंट, रोजची लिथियमची गोळी, आणि गोळी चालू असली की पोट्टा एकदम नीट, मोबाईलच्या दुकानात कामाला जाणारा. एका मारामारीच्या केसमध्ये पोलिसांनी रात्री उचलला, दोन दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आता तीन आठवडे झाले, विदर्भातल्याच एका जेलात आहे. गोळ्या घरीच राहिल्या. पहिल्या मुलाकातीत तो बोलायचं थांबायलाच तयार नव्हता, झोप येत नाही पण मस्त वाटून राहिलं म्हणे. मागच्या मुलाकातीत मान खाली, सगळी मिळून दोन वाक्यं, त्यातलं एक "मला नाही जगायचं आता". ताई ड्युटीवरच्या शिपायाशी बोलल्या तर तो म्हणाला, "ताई, एवढ्या बंद्यांमागे आम्ही दोघं, कोणाकोणाकडे पाहू?" वकील म्हणतात आजाराचं काढूच नका. आई म्हणते लहान बहिणीचं लग्न व्हायचंय, बोभाटा नको. ताईंना विचारायचंय की गोळ्या आत कशा पोचवू, आजार सांगू की लपवू, आणि मनोरुग्णालयात हलवायला लावू का.

ताई, बाकी सगळं मागून, आधी ते "नाही जगायचं" वालं वाक्य. पुढच्या मुलाकातीची वाट पाहू नका. पत्र वाचल्याबरोबर, आज नाही तर उद्या सकाळी, जेलच्या गेटवर जा आणि अधीक्षकांच्या नावाने लेखी अर्ज द्या. तोंडी नाही, लेखी. अर्जात भावाचं पूर्ण नाव, केस नंबर, आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि डोस, गोळी कोणत्या तारखेपासून बंद आहे ते, आणि तो मुलाकातीत जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह. "भाऊ उदास आहे" असं लिहिलं तर कोणी पानही उलटणार नाही कारण जेलात उदास कोण नाही, पण "अमुक तारखेला मला नाही जगायचं असं म्हणाला" हे वाचल्यावर त्या माणसाला काहीतरी करावंच लागतं, कारण उद्या काही झालं तर तोच कागद त्याच्यासमोर येणार असतो. मागणी तीनच करा, की मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, त्याला एकट्याला ठेवू नये, आणि जेलच्या डॉक्टरांनी त्याची जुनी फाइल बघावी. दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि सही घ्या, पोच घेतल्याशिवाय गेट सोडू नका. घेत नाही म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने टाका आणि ईमेलही करा.

एकट्याला ठेवू नये हे मी मुद्दाम सांगतेय. माणूस जिवाचं काही बोलला की त्याला वेगळ्या सेलमध्ये टाकायचं, म्हणजे लक्ष राहतं असं बऱ्याच ठिकाणी समजतात, पण एकटं पडल्याने अशा माणसाची तब्येत उलट बिघडते. त्याला बराकीत, ओळखीच्या आणि समजूतदार बंद्याच्या शेजारी ठेवणं जास्त सुरक्षित असतं. आणि जेलात सगळ्यात नाजूक काळ म्हणजे सुरुवातीचे दिवस आणि आठवडे, नंतर जामीन नाकारला तो दिवस, घरून वाईट बातमी आली तो दिवस. तुमचा भाऊ सध्या त्याच सुरुवातीच्या काळात आहे आणि त्यात गोळी नाही, म्हणून मी एवढी घाई करायला सांगतेय.

त्याच दिवशी वकिलांनाही फोन करा. पुढची तारीख पंधरा दिवसांवर असली तरी तारखेची वाट पाहायची गरज नसते, मॅजिस्ट्रेटसमोर मधेच अर्ज टाकता येतो की आरोपीवर आधीपासून मानसिक उपचार सुरू होते, ते तुटलेत, जेल अधीक्षकांना उपचार देण्याचे आणि रिपोर्ट सादर करण्याचे आदेश व्हावेत. वकील टाळाटाळ करत असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. नागपूरचं सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टाच्या आवारात आहे, हेल्पलाइन १५१००. कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्यात घरच्या कमाईची अट लागत नाही, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच लिहिलंय. खूप लोकांना वाटतं की आपण प्रायव्हेट वकील केला म्हणजे तिकडे जाता येत नाही. तसं काही नाही.

आता गोळ्यांचं. तुमच्या पत्रात एक ओळ आहे की ओळखीचा एक जण म्हणतो पैसे दिले तर स्ट्रिप आत जाईल. हे करू नका, बिलकुल नका करू. पकडल्या गेलं तर त्याच्यावरच नवीन भानगड लागेल, पण माझी खरी भीती दुसरी आहे. लिथियम ही अशी गोळी आहे की कमी झाली तर उपयोग नाही आणि जरा जास्त झाली तर विषासारखी चढते, म्हणूनच तर तुमचे डॉक्टर मधूनमधून रक्त तपासायला सांगतात. तीन आठवडे बंद असलेली गोळी जुन्या डोसने आपल्या मनाने सुरू करायची नसते. आणि सध्या दिवस कोणते आहेत पाहा, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, तोंडावर आलाय, नागपुरात पारा ४५ ला टेकतो, बराकीच्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. त्यात जेलच्या दवाखान्यात अंग दुखतं म्हटलं की दुखण्याची गोळी मिळते, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी लिथियम अजून चढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, असं काही दिसलं तर ती इमर्जन्सी असते, तेव्हा गोळी बंद करून लगेच दवाखाना.

म्हणून रस्ता असा की धंतोलीच्या डॉक्टरांकडे जाऊन एक पत्र घ्या, त्यांच्या लेटरहेडवर, आजाराचं नाव, कधीपासून, कोणती गोळी किती, शेवटचा लिथियमचा रिपोर्ट, किडनी-थायरॉइडचे रिपोर्ट, आणि पुन्हा सुरू करायचं तर कसं करावं याबद्दल त्यांचं मत. गोळी कोणत्या तारखेला तुटली हे त्यांना नक्की सांगा. उन्हाळ्याचं आणि दुखण्याच्या गोळीचंही त्यांनाच लिहायला सांगा, कारण जेलातल्या एमबीबीएस डॉक्टरला एका मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेलं पत्र मिळालं तर त्यालाही हात घालायला बळ येतं. रिपोर्ट हरवले असतील तर डॉक्टरांकडून कॉपी मागा, रुग्णाला आपले रेकॉर्ड मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. ही पूर्ण फाइल तीन कॉपीत करा, एक जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, एक वकिलाला, एक तुमच्याकडे. गोळ्या जेलच्या डॉक्टरने लिहून दिल्या आणि जेलच्या स्टॉकमध्ये नसल्या तर बाहेरून आणून देऊ का असं त्यांनाच लेखी विचारा, परवानगीने, पावतीसह दिलेलं चालू शकतं.

आता तो शिपाई. तुम्ही लिहिलंय की त्याचा इतका राग आला की गेटवरच रडू कोसळलं. ताई, राग येणारच, भाऊ तुमचा आहे. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. २०२२ च्या शेवटी देशातल्या जेलांमध्ये ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे तुमच्या भावासारखेच, ज्यांचा निकाल लागलेला नाही. केंद्राचं २०१६ चं मॉडेल प्रिझन मॅन्युअल म्हणतं की दर ५०० बंद्यांमागे एक मानसतज्ज्ञ पाहिजे आणि दर ३०० मागे एक डॉक्टर. या हिशोबाने देशभरात साडेअकराशेच्या आसपास मानसतज्ज्ञ पाहिजेत. इंडिया जस्टिस रिपोर्ट नावाच्या, पोलीस-कोर्ट-जेल यांचा हिशोब मांडणाऱ्या अहवालाने २०२५ मध्ये सांगितलेला आकडा आहे २५, सगळ्या देशाच्या जेलांत मिळून. सुप्रीम कोर्टाने १५ सप्टेंबर २०१७ च्या निकालात राज्यांना सांगितलं होतं की बंद्यांसाठी समुपदेशक नेमा, खासकरून पहिल्यांदा जेलात आलेल्यांसाठी, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे की जेलच्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना निदान प्राथमिक आणि तातडीच्या मानसिक उपचाराचं ट्रेनिंग सरकारने द्यायचं. कागद भक्कम आहे. माणसं नाहीत.

आणि हे फक्त मानसतज्ज्ञांचं नाही. समजा जेलच्या डॉक्टरने लिहिलं की याला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, किंवा मनोरुग्णालयाच्या ओपीडीला दाखवा, तरी त्याला बाहेर न्यायला पोलिसांचा गार्ड लागतो, आणि शहरात कुठला मोठा बंदोबस्त लागला, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं, तर गार्ड मिळत नाही आणि तारीख पुढे जाते, आणि ज्याच्यासाठी चिठ्ठी लिहिली तो बराकीतच राहतो. यात कोणी एक जण दुष्ट असायची गरज नसते. जेलात जो दंगा करतो त्याच्याकडे लक्ष जातं, आणि जो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो तो "शांत बंदी" ठरतो, हीच मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट आहे कारण जिवाचा धोका बहुतेकदा त्या शांत पडलेल्यालाच असतो. तुमचा भाऊ आधी बडबडत होता तेव्हा निदान दिसत तरी होता, आता तो कोणाला दिसत नाहीये.

मग कोर्टाचा आदेश काय करतो, तर रांगेत मागे असलेलं नाव पुढे आणतो. "तपासणी करून अमुक तारखेपर्यंत रिपोर्ट सादर करा" असं मॅजिस्ट्रेटने लिहिलं की जेल गार्ड मागते, पोलीस गार्ड देतात, डॉक्टर वेळ देतो. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा लेखी लेखी करून राहिले.

शिपायाला मात्र सोडू नका, म्हणजे भांडून नाही, जोडून. रात्री दोन वाजता बराकीसमोर जागा असणारा माणूस तोच आहे, कोणी मानसोपचारतज्ज्ञ नाही. तो स्वतः डबल ड्युटी करत असेल, गावाकडे गेला नसेल किती दिवस, त्याचं कोण ऐकतं. पुढच्या वेळी गेलात की सांगा, "भाऊ, याला हा आजार आहे, हा झोपला नाही, जेवण परत करायला लागला, आपलं सामान वाटायला लागला, किंवा एकदम गुपचूप झाला तर तेवढं डॉक्टरच्या कानावर घाला." चार खुणा, बस. अख्खा आजार समजावायला बसू नका. तुमच्या पत्रात जेलच्या त्या सुभेदारांचाही उल्लेख आहे ज्यांनी तुम्हाला पाणी दिलं, त्यांनाही हेच सांगा.

वकिलांचं म्हणणं, की आजार काढला तर केस बिघडेल. याच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि त्या तुम्ही त्यांच्याशी सुट्ट्या करून बोला. एक आहे उपचार मागणं. त्याने केसमधलं काही कबूल होत नाही, गुन्हा केला की नाही याच्याशी त्याचा संबंधच नाही. शुगरच्या पेशंटने इन्शुलिन मागितलं तर कोणी म्हणतं का की केस बिघडली? उलट जामिनाच्या वेळी आजाराचा उपयोग होऊ शकतो, कारण जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी माणसाला जामीन देताना वेगळा विचार करायची मुभा कोर्टाला दिलेली आहे. दुसरी गोष्ट आहे आरोपी स्वतःचा बचाव करायच्या मनःस्थितीत नाही असं म्हणणं. त्याला कलम ३६७ पासून पुढची वेगळी प्रोसिजर आहे, त्यात तपासणी होते, आणि खरंच तसं निघालं तर खटलाच थांबतो, पुढे ढकलला जातो. वकिलांना भीती वाटत असेल तर ती याची असेल, आणि ती भीती खरी आहे, कारण थांबलेला खटला कधी कधी फार वर्षं थांबतो. तरी त्या वाटेवरही कलम ३६९ आहे, भरती करून उपचार करायची गरज नसेल आणि नातेवाईकाने नियमित ओपीडी ट्रीटमेंटची हमी दिली तर जामीन होऊ शकतो. तुमच्या भावाला आज पहिली गोष्ट हवी आहे, दुसरी नाही. वकिलांना सरळ म्हणा की मला उपचाराचा अर्ज पाहिजे, अनफिट असल्याचा नाही.

मनोरुग्णालयाचं मग त्याच्यातच उत्तर आहे. तुम्ही तिकडे हलवा म्हणून आधीच हट्ट धरू नका. आधी तपासणी होऊ द्या. बायपोलरचे बरेच पेशंट गोळी आणि रक्ताची तपासणी नीट चालू राहिली तर भरती न होता सांभाळले जातात, हे तुमच्याच घरात चार वर्षं झालेलं आहे. पण तज्ज्ञांनी भरती करा म्हटलं तर घाबरूही नका, तिथे २४ तास नर्सिंग असतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ मध्ये याची सोय आहे, जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला रिपोर्ट पाठवायचा असतो की आमच्याकडे मानसिक आजारी बंदी नाहीत, आणि मंडळ जेलात येऊन विचारू शकतं की हा माणूस इथे का ठेवलाय, हलवला का नाही. तुमच्या अर्जाची एक कॉपी त्या मंडळाच्या नावानेही पाठवा, मग "नाहीत" असं लिहिणं इतकं सोपं राहत नाही.

भरती झालीच तर एक काम मात्र तुमचंच, ते म्हणजे कोर्टाची तारीख सोडायची नाही. आसाममध्ये माचांग लालुंग नावाच्या माणसाला १९५१ मध्ये अटक झाली, तिथून मनोरुग्णालयात पाठवलं, आणि तो बाहेर आला २००५ मध्ये. ५४ वर्षं. खटला चाललाच नाही, १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा आहे म्हटलं तरी सोडलं नाही, पुन्हा जेलातच पाठवलं, आणि मधे विचारायला कोणी नव्हतं. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, तुमचा भाऊ तसा हरवणार नाही कारण त्याला तुम्ही आहात. पण डायरी करा, प्रत्येक तारीख, प्रत्येक अर्जाची पोच, कोणाशी काय बोलणं झालं, सगळं एका वहीत.

आईंशी कसं बोलायचं विचारलंय तुम्ही. लग्नाचं टेन्शन खरं आहे, आपल्याकडे लोक जेल आणि मनाचा आजार या दोन्ही गोष्टींवरून घरच्या मुलींना बोल लावतात, ते मी नाकारत नाही. पण जेलची बातमी मोहल्ल्यात पोचलीच आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग आता लपवून वाचणार काय? आईंना हक्काने सांगा की अर्ज कोर्टात आणि जेलात जातोय, नातेवाईकांच्या ग्रुपवर नाही. आणि शक्य असेल तर धंतोलीच्या डॉक्टरांकडे त्यांना सोबत घेऊन जा, गोळी तुटल्यावर काय होतं ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की तुमच्यावरचा अर्धा भार कमी होईल.

मुलाकातीत त्याच्याशी काय बोलावं हेही लिहिते, कारण वेळ थोडा असतो आणि तो पूर्ण रडण्यात किंवा वकिलाच्या फीवर जातो. "मरायचे विचार येतात का" हे सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. "असं बोलू नको, आईचं काय होईल" असं नका म्हणू, त्याला आधीच वाटतंय की तो सगळ्यांवर ओझं आहे. काय काय केलंय ते सांगा, अर्ज दिलाय, डॉक्टरांचं पत्र आणलंय, पुढच्या अमुक वारी मी परत येते. आणि त्या वारी नक्की जा, नाहीच जमलं तर फोनची किंवा ई-मुलाकातीची सोय असेल ती बघा, किंवा कोणाच्या तरी हाती निरोप धाडा, पण सांगून न येणं टाळा. पाणी पीत राहा, जेवणात मीठ सोडू नको, उलटी-जुलाब झाले तर लगेच सांग, हे पण बोला. केसमध्ये कोण काय म्हणालं ते मुलाकातीत नका बोलू, तिथे कान बरेच असतात.

तुम्ही स्वतः रात्री झोपत नाही असं शेवटी एका ओळीत लिहून पुढे गेलात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, २४ तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तो फक्त पेशंटसाठी नाही, पेशंटच्या बहिणीसाठीही आहे. रात्री तीनला वहीत तारखा मोजत बसण्यापेक्षा तिथे फोन लावा.

अर्ज लिहायला अडत असेल तर मसुदा मला पाठवा, नाव, केस नंबर आणि जेलचं नाव खोडून, मी वाचून दुरुस्त्या कळवते. पण गेटवरचा पहिला अर्ज त्यासाठी थांबवू नका, तो साध्या कागदावर, तुमच्या भाषेत, पेनाने लिहिलेला चालतो.